जुन्या होम कॉम्प्युटरला पीसीचा एचडी फ्लॉपी ड्राइव्ह जोडताना

अमिगा, अटारी एसटी, ॲमस्ट्रॅड सीपीसी किंवा एमएसएक्स यांच्या मूळ फ्लॉपी ड्राइव्हने मान टाकली की पहिला विचार येतो तो पीसीतून काढलेल्या १.४४ एमबीच्या एचडी (हाय डेन्सिटी, म्हणजे जास्त घनतेच्या) ड्राइव्हचा. तो सहज मिळतो, बहुतेकदा चालू असतो आणि ३४ पिनांचा कनेक्टरही हुबेहूब तसाच दिसतो. तो बसवला, काहीच झालं नाही, की निष्कर्ष ठरलेला: 'एचडी ड्राइव्ह जुन्या मशीनला चालत नाही.' साडेतीन इंची ड्राइव्हच्या बाबतीत हा निष्कर्ष जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. अडचण घनतेत नसते, दोन-तीन तारांमध्ये असते. सव्वापाच इंचीची गोष्ट वेगळी. तिथे घनता खरोखरच आडवी येते.

घनता ठरवतं कोण, हे आधी लक्षात घेऊ. साडेतीन इंची डीडी (डबल डेन्सिटी, म्हणजे जुनी, कमी घनतेची) आणि एचडी या दोन्ही प्रकारांत डिस्क मिनिटाला ३०० फेरे घेते, दोन्हींत ८० ट्रॅक (डिस्कवरची वर्तुळं) असतात आणि ट्रॅकची रुंदीही सारखीच. फरक बिट किती वेगाने येतात यात आहे: डीडीला सेकंदाला २,५०,००० आणि एचडीला ५,००,०००. हा वेग ड्राइव्ह ठरवत नाही, कॉम्प्युटरमधला फ्लॉपी कंट्रोलर ठरवतो. ड्राइव्हचं काम डिस्क फिरवणं, हेड सांगितलेल्या ट्रॅकवर नेणं आणि समोर येईल ते लिहिणं-वाचणं, एवढंच. म्हणून पीसीचा एचडी ड्राइव्ह डीडी डिस्कसाठी पूर्णपणे लायक असतो. पीसीवर ७२० केबीची डिस्क तो रोज वाचतच होता. त्यावर अटारी प्रत्येक ट्रॅकवर आपले ९ सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) लिहील, अमिगा ११ लिहून ८८० केबी करेल. ड्राइव्हला त्याचं सोयरसुतक नाही.

पायरी १: तुमचं मशीन या वाटेवरचं आहे का?

ज्या मशीनच्या आत शुगार्ट पद्धतीचा (शुगार्ट कंपनीच्या ड्राइव्हवरून रूढ झालेला) ३४ पिनांचा इंटरफेस आहे, त्यांच्यासाठीच हा लेख आहे. अमिगा, अटारी एसटी, सीपीसी, स्पेक्ट्रम +३, बीबीसी मायक्रो आणि डिस्क इंटरफेस असलेले एमएसएक्स या गटात येतात. बाहेरचा कनेक्टर वेगळा दिसला तरी बिघडत नाही. अमिगाचा २३ पिनांचा असतो, एसटीचा १४ पिनांचा गोल. आतले सिग्नल मात्र त्याच घराण्यातले.

कमोडोर ६४ चा १५४१ या गटात नाही. तो स्वतःच प्रोसेसर असलेला छोटा कॉम्प्युटर आहे आणि सीरियल केबलवरून बोलतो. ॲपल २ चा डिस्क २ ही नाही, कारण तिथे हेड हलवणाऱ्या मोटरचे फेज थेट कॉम्प्युटर चालवतो. मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या डिस्क तर ट्रॅकनुसार फिरण्याचा वेग बदलतात, साधारण ३९४ पासून ५९० फेऱ्यांपर्यंत. या तिघांसाठी पीसीचा ड्राइव्ह घेऊन बसू नका.

पायरी २: आधी वीज

सिग्नलची तार चुकली तर ड्राइव्ह गप्प बसतो. विजेची चुकली तर तो मरतो आणि कधी कधी कॉम्प्युटरला सोबत नेतो. त्यामुळे हे काम आधी.

पीसीच्या साडेतीन इंची ड्राइव्हच्या छोट्या पॉवर कनेक्टरवर चार पिना असतात: एका टोकाला ५ व्होल्ट, मध्ये दोन ग्राउंड आणि दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये ५ व्होल्टची तार लाल आणि १२ ची पिवळी असते. पण जुन्या मशीनमधल्या रंगांवर विसंबू नका. ॲमस्ट्रॅडच्या तीन इंची ड्राइव्हच्या पॉवर कनेक्टरवर ५ आणि १२ व्होल्टच्या जागा पीसीच्या तुलनेत उलट आहेत. ती प्लग दिसायला जुळते म्हणून सरळ खोचली, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपांना १२ व्होल्ट मिळतात.

मल्टिमीटर घ्या, मशीन चालू करा, ड्राइव्ह न जोडता प्रत्येक पिनवरचा व्होल्टेज मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. मगच जोडा. नंतरच्या काळातले बरेचसे पीसी ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवर चालतात, त्यांच्या लेबलवर तसं लिहिलेलं असतं. अशा ड्राइव्हला १२ व्होल्टची तार जोडूच नका. ती टेपने झाकून बाजूला ठेवली की उलटं बसण्याची भीतीच राहत नाही.

पायरी ३: ड्राइव्ह निवडणारी तार

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. शुगार्ट पद्धतीत एका केबलवर अनेक ड्राइव्ह बसतात आणि कॉम्प्युटर त्यातल्या कोणाशी बोलायचं ते 'ड्राइव्ह सिलेक्ट' तारांनी सांगतो. पिन १० वर डीएस०, १२ वर डीएस१, १४ वर डीएस२. मोटर सुरू करण्याची तार सगळ्यांना सामाईक, पिन १६ वर.

आयबीएमने पीसीसाठी यात एक चलाखी केली. सगळे ड्राइव्ह डीएस१ वरच ठेवायचे आणि केबलमधल्या १० ते १६ या सात तारांची पट्टी एकदा उलटी पिळायची. पिळाच्या पलीकडचा ड्राइव्ह ए, अलीकडचा बी. जंपरची (पिनांवर बसवून जोडणी बदलणाऱ्या छोट्या टोपीची) कटकट गेली, पण परिणाम असा की पीसीचा जवळपास प्रत्येक ड्राइव्ह कारखान्यातूनच डीएस१ होऊन आला, आणि नंतरच्या ड्राइव्हवर तर जंपर उरलेच नाहीत. होम कॉम्प्युटर मात्र पहिल्या ड्राइव्हला डीएस० वर हाक मारतो. हाक १० वर जाते, ड्राइव्ह १२ वर कान लावून बसलेला असतो.

उपाय तीन आहेत.

ड्राइव्हवर जंपर असेल तर तो डीएस१ वरून डीएस० वर न्या. टीॲकच्या एफडी-२३५एचएफच्या जुन्या आवृत्त्यांवर असे जंपर असतात, म्हणूनच हौशी मंडळी त्या शोधत असतात.

जंपर नसेल तर ड्राइव्हच्या सर्किट बोर्डवर कनेक्टरच्या आसपास बघा. अनेकदा डीएस० आणि डीएस१ अशी नावं छापलेले छोटे पॅड दिसतात आणि त्यातल्या एका जोडीवर शून्य ओहमचा रेझिस्टर किंवा डाखाचा थेंब असतो. तो काढून दुसऱ्या जोडीवर डाख द्यायचा. डाख देताना टोकदार बिट आणि भिंग हाताशी असू द्या, हे पॅड फार लहान असतात.

सोल्डरिंग नको असेल तर केबलच बदला. बिनपिळाची ३४ तारांची पट्टी केबल घ्या आणि ड्राइव्हच्या बाजूचा कनेक्टर बसवण्यापूर्वी १०, ११ आणि १२ या तीनच तारा बाजूच्या तारांपासून सोडवून त्या पट्टीला एकदा उलटं करा. ११ मध्येच राहते, ती ग्राउंडच आहे. १० आणि १२ ची अदलाबदल होते. मग कनेक्टर दाबून बसवा. मला हाच उपाय सगळ्यात आवडतो, कारण ड्राइव्ह जसाच्या तसा राहतो आणि उद्या बदलावा लागला तर केबल तीच चालते.

पीसीची पिळाची केबल तशीच वापरली तर गंमत होते. कॉम्प्युटरचा डीएस० ड्राइव्हच्या मोटरच्या पिनवर पोहोचतो, त्यामुळे मोटर फिरते. पण ड्राइव्हला निवड कळत नाही, दिवा लागत नाही आणि हेड हलत नाही. मोटर फिरतेय पण दिवा बंद, हे लक्षण दिसलं की केबलकडे बघा. याउलट मशीन चालू करताच दिवा लागला आणि मोटर थांबायलाच तयार नाही, तर केबलचा एक कनेक्टर उलटा बसलाय. लाल रेघेची बाजू पिन १ कडे करा.

पायरी ४: पिन ३४ आणि पिन २

ड्राइव्ह निवडला जाऊ लागला, दिवा लागला, हेड हललं, तरी डिस्क वाचली जात नाही. आता पिन ३४.

मूळ शुगार्ट पद्धतीत या पिनवर 'रेडी' असतो: डिस्क आत आहे आणि वेगाने फिरते आहे, असं ड्राइव्ह सांगतो. पीसीने हीच पिन 'डिस्क चेंज'साठी वापरली: डिस्क काढली गेली होती, एवढंच ती सांगते. दोन्ही सिग्नल खाली, म्हणजे शून्य व्होल्टला असताना 'हो' म्हणतात, पण हे 'हो' जवळजवळ उलट अर्थाचे आहेत. पीसी ड्राइव्हची पिन ३४ डिस्क घातल्यानंतरही खालीच असते आणि हेड एक पाऊल हलल्यावर वर जाते. रेडीची वाट पाहणाऱ्या मशीनला वाटतं, आत्तापर्यंत तयार होता आणि काम सुरू करताच नाही झाला. म्हणून सुरुवातीला जीव आल्यासारखं वाटतं आणि हेड हलताच 'ड्राइव्ह तयार नाही' असा संदेश येतो. हे वागणं दिसलं तर डिस्कला दोष देऊ नका.

पुढे काय करायचं ते मशीनवर अवलंबून आहे.

अटारी एसटी सगळ्यात सोपा. त्याच्या डब्ल्यूडी १७७२ कंट्रोलरला रेडीची पिनच नाही. डिस्क बदलली हे तो राइट-प्रोटेक्टच्या तारेवरून ओळखतो. डीएस० झाला की एसटीचं काम बहुतेक झालं.

सीपीसी आणि स्पेक्ट्रम +३ यांच्या ७६५ जातीच्या कंट्रोलरला रेडी लागतो, बऱ्याच एमएसएक्सनाही लागतो. सोपा मार्ग असा: केबलमधली ३४ नंबरची तार ड्राइव्हकडे जाण्यापूर्वी कापा आणि कॉम्प्युटरच्या बाजूचं तिचं टोक शेजारच्या ३३ ला, म्हणजे ग्राउंडला जोडा. मशीनला ड्राइव्ह कायम तयार दिसेल. याची किंमत एकच आहे. ड्राइव्हमध्ये डिस्क नसताना वाचायला सांगितलं, तर आधी 'डिस्क नाही' असा संदेश यायचा, आता कंट्रोलर डिस्कच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर येणाऱ्या इंडेक्सच्या ठोक्याची वाट पाहत बसेल आणि मशीन अडकल्यासारखं वाटेल. डिस्क घातली की सुटेल. एवढं चालवून घ्यायला हरकत नाही.

अमिगाचं दुखणं थोडं खोल आहे. त्याला डिस्क चेंज हवा, पण पिन २ वर, आणि पिन ३४ वर रेडी हवा. पीसी ड्राइव्हची ३४ अमिगाच्या २ ला जोडली की डिस्क बदलल्याचं त्याला कळू लागतं. ड्राइव्हची स्वतःची पिन २ मात्र तोडलीच पाहिजे, कारण काही ड्राइव्ह तिच्यावर एचडी डिस्क ओळखल्याचा सिग्नल देतात आणि अमिगाचा गोंधळ उडतो: एक तर डिस्क आहे हे त्याला पटतच नाही, किंवा बदलली तरी जुन्याच डिस्कची यादी दाखवत राहतो. एवढ्यावर वर्कबेंच (अमिगाचा नेहमीचा डेस्कटॉप) चालतं. पण काही गेम आणि डेमो हार्डवेअरशी थेट बोलतात, मोटर सुरू केल्यावर रेडीची वाट पाहतात आणि तिथेच थांबतात. खरा उपाय म्हणजे बोर्डवरचे पॅड बदलून रेडी बाहेर काढता येतो असा ड्राइव्ह निवडणं.

अमिगाला बाहेरून जोडायच्या ड्राइव्हचा आणखी एक नखरा आहे. मोटर बंद असताना त्याने रेडीच्याच तारेवरून ३२ बिटांची ओळख सांगावी लागते. पीसी ड्राइव्हमध्ये ही सोय नाही, म्हणून मधे छोटं सर्किट लागतं. नवख्यांनी आतला पहिला, म्हणजे डीएफ० ड्राइव्हच बदलावा, त्याला ही ओळखपरेड लागत नाही.

पायरी ५: डिस्कचा प्रश्न

ड्राइव्ह चालला, आता घालायचं काय? डीडी डिस्क मिळत असतील तर त्याच वापरा, विषय संपला. मिळत नसतील आणि एचडी डिस्क हाताशी असतील, तर पुढचं वाचा.

साडेतीन इंची डिस्कवर लिहिण्यापासून वाचवणारी सरकती खिटी असते त्याच्या समोरच्या कोपऱ्यात एचडी डिस्कला जादा भोक असतं. पीसीचा ड्राइव्ह ते भोक बघतो आणि आपला लिहिण्याचा करंट नि वाचण्याची फिल्टर एचडीला साजेशी करतो. तिकडे तुमचा कॉम्प्युटर डीडीच्या वेगाने लिहीत असतो. दोघांचं जमत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट जमतं. म्हणून भोक टेपने झाका. पारदर्शक टेप नको. काही ड्राइव्हमध्ये कळ असते, काहींत प्रकाशाचा सेन्सर, आणि अपारदर्शक टेप दोन्हींना पुरते. टेप गुळगुळीत दाबून बसवा, कडा सुटली तर ती ड्राइव्हमध्ये अडकते.

पण भोक झाकल्याने डिस्कवरचा लेप बदलत नाही. चुंबकीय लेप किती जोराने पालटावा लागतो ते कोअर्सिव्हिटीवरून कळतं. साडेतीन इंची डीडीची ती साधारण ६५० ओर्स्टेड असते आणि एचडीची सुमारे ७२०. फरक दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून डीडीच्या करंटने एचडी डिस्कवर लिहिलेलं बहुतेकदा वाचता येतं. कायमचं जपायचं काही अशा डिस्कवर ठेवू नका. गेम चालवायला, फाइल हलवायला ठीक. पूर्वी १.४४ एमबीला फॉरमॅट झालेली डिस्क वापरणार असाल तर आधी बल्क इरेझरने (अख्खी डिस्क चुंबकाने एकदम पुसणाऱ्या उपकरणाने) पूर्ण पुसा. जुनं एचडी लिखाण कमी करंटने नीट पुसलं जाईलच असं नाही.

भोक झाकलेली डिस्क पुढे पीसीत वाचायची असेल तर टेप तशीच ठेवा, नाहीतर पीसी ती १.४४ समजून वाचायला जाईल. आणि डीडी डिस्कला भोक पाडून तिची एचडी करण्याची जुनी टूम विसरून जा.

सव्वापाच इंचीत हा सगळा हिशेब कोसळतो. तिथे डीडीची कोअर्सिव्हिटी सुमारे ३०० ओर्स्टेड आणि एचडीची सुमारे ६००, म्हणजे दुप्पट. १.२ एमबीची डिस्क ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये घालून उपयोग नाही, फॉरमॅटच अर्ध्यावर चुका दाखवू लागतं. टेपचा तर प्रश्नच नाही, कारण एचडी ओळखायला तिथे भोकच नसतं.

पायरी ६: सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल तर

१९८४ च्या आयबीएम पीसी एटीबरोबर आलेला १.२ एमबीचा ड्राइव्ह मिनिटाला ३६० फेरे घेतो, ३०० नाही. पीसीचा कंट्रोलर त्यात डीडी डिस्क वाचताना स्वतःचा वेग सेकंदाला ३,००,००० बिट करतो आणि निभावून नेतो. होम कॉम्प्युटरचा कंट्रोलर २,५०,००० वरच अडलेला असतो. वीस टक्के जलद येणारे बिट त्याला पकडता येत नाहीत. लिहितानाही तेच: ३०० फेऱ्यांना एका ट्रॅकवर ६,२५० बाइट मावतात, ३६० ला जेमतेम ५,२०८, आणि ९ सेक्टर त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांसह त्यात बसत नाहीत.

काही १.२ एमबी ड्राइव्ह दोन वेगांचे असतात, टीॲक एफडी-५५जीएफआर हा त्यातला प्रसिद्ध. जंपर लावून किंवा पिन २ वरून त्याला ३०० वर आणता येतं. तुमच्या ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये असा जंपर सापडला तरच पुढे जा.

मग ट्रॅकची रुंदी. हा ड्राइव्ह ८० ट्रॅकचा आणि जुन्या डिस्क बऱ्याचदा ४० ट्रॅकच्या. वाचताना हेड दोन-दोन पावलं टाकलं की झालं, मशीनच्या डिस्क सिस्टिमला ते जमत असेल तर. लिहिताना मात्र ८० ट्रॅकचं हेड जवळपास निम्म्या रुंदीचीच रेघ ओढतं आणि दोन्ही कडांना जुनं लिखाण तसंच राहतं. ४० ट्रॅकच्या ड्राइव्हचं रुंद हेड नवं आणि जुनं एकत्र वाचतं आणि गोंधळतं. म्हणून डिस्क परत ४० ट्रॅकच्या मशीनवर जाणार असेल, तर आधी ती बल्क इरेझरने कोरी करा, या ड्राइव्हवर फॉरमॅट करा आणि मग लिहा. ४० ट्रॅकवर एकदा लिहिलेल्या डिस्कमध्ये इथे एखादीच फाइल बदलू नका.

पायरी ७: तपासणी

सुरुवात तुम्हाला गमावून चालेल अशा डिस्कपासून करा, आणि तिचीही खिटी सरकवून लिहिणं बंद ठेवा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आधीच पुसून घ्या. पडून राहिलेल्या ड्राइव्हमध्ये धूळ असतेच. चालू केल्यावर हेड शून्य ट्रॅककडे जाताना खरखर ऐकू यायला हवी. मग डिस्कची यादी वाचा, मग मोठी फाइल, म्हणजे आतल्या ट्रॅकपर्यंत हेड जातं. आतले ट्रॅक लहान, बिट दाटीने बसलेले, त्यामुळे कमकुवत ड्राइव्ह तिथे उघडा पडतो. एवढं झाल्यावर कोऱ्या डिस्कवर फॉरमॅट करून लिहा आणि ती डिस्क शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचा. स्वतःचं लिहिलेलं स्वतःच वाचणारा ड्राइव्ह अलाइनमेंटमधून (हेडच्या ठरलेल्या जागेवरून) सरकलेला असू शकतो.

वाचन अधूनमधून चुकत असेल आणि हेड स्वच्छ असेल, तर मशीनच्या बाजूचे पुल-अप रेझिस्टर (तारेला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारे) बघा. जुन्या यंत्रांत ते १५० ओहमचे असत आणि अशी तार खाली खेचायला ड्राइव्हला ३३ मिलिॲम्पियर लागतात. नंतरच्या ड्राइव्हना एवढा भार उचलायची सवय नसते. पुल-अप १ किलोओहमचे केल्यावर फरक पडतो का ते बघता येतं. त्याच केबलवर जुना ड्राइव्ह असेल तर त्याचाही टर्मिनेटर (ड्राइव्हवरचे असेच पुल-अप रेझिस्टर) तपासा.

पूर्ण १.४४ एमबी हवे असतील तर

ड्राइव्ह तयार आहे, मशीन नाही. ५,००,००० बिटांच्या वेगाला दर १६ मायक्रोसेकंदाला एक बाइट उचलावा लागतो, डीडीला ३२ मिळतात. डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा थेट मेमरीत नेण्याची सोय) नसलेल्या ४ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरला १६ मायक्रोसेकंद म्हणजे ६४ क्लॉक, तेवढ्यात कंट्रोलरला विचारायचं, बाइट घ्यायचा, ठेवायचा. अटारीने मेगा एसटीई आणि टीटीसाठी १७७२ च्या जागी अजॅक्स ही जलद चिप आणली. अमिगाची फ्लॉपी सांभाळणारी पॉला चिप तर हा वेग पेलूच शकत नव्हती, म्हणून कमोडोरने उलटा मार्ग धरला: चिनॉनचा एफबी-३५७ए हा ड्राइव्ह एचडी डिस्क दिसताच १५० फेऱ्यांवर येतो. बिट जुन्याच वेगाने येतात, फक्त एका फेऱ्यात दुप्पट मावतात, आणि डिस्कवर १.७६ एमबी बसतात. पीसीचा साधा ड्राइव्ह असा हळू होत नाही, त्यामुळे अमिगावर तो ८८० केबीचाच राहील.